वैरणीची सावड



शिमगा झाला आणि ऊन तापायला लागलं की आपल्याकडच्या बाया एकमेकींना भेटल्यावर आधी काय विचारतात? पोरंबाळं कशी आहेत, हे नंतर. आधी विचारतात, "वैरण कुठं मिळतेय का गं?" चाकणच्या आसपास आता रस्ते रुंद झालेत, कारखान्यांचे दिवे रात्रभर जळतात, खोल्या भाड्यानं गेल्यात, दुधाला गिऱ्हाईक दारात उभं आहे. पण गाईच्या पुढ्यात टाकायला हिरवं काही नाही. दुधाचे पैसे आले की त्यातले निम्मे पुन्हा वैरणवाल्याच्या हातात जातात, हे आम्ही बचत गटातल्या बायांनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

म्हणून आज मुरघासाबद्दल बोलायचं ठरवलं. मुरघास म्हणजे हिरवी वैरण कुट्टी करून, दाबून, हवा न लागू देता आंबवून राखलेली. लोणचं जसं उन्हाळ्यात घालायचं आणि वर्षभर खायचं, तसं हे पावसाळ्यात घालायचं आणि उन्हाळ्यात जनावरांना द्यायचं. पण नुसती कृती सांगून आम्हाला थांबायचं नाही. आपल्या पट्ट्यात वैरण राखण्याची रीत काय होती, ती कशी मोडली आणि मुरघास घरोघरी का टिकत नाही, हे समजलं तर कृती आपोआप नीट होईल, असा आमचा अनुभव आहे.

जुन्या काळापासून सुरुवात करू. आपल्या खेड तालुक्यात पश्चिमेला भात, पूर्वेला बाजरी आणि ज्वारी. भाताचा पेंढा, बाजरीचं सरमाड, ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचं भुसकट आणि डोंगरउतारावरचं गवत, एवढ्यावर बैल आणि गाई जगत. गावाला गायरान असे. गवत कधी कापायचं, कुरण कधी मोकळं करायचं, हे गाव ठरवत असे. सुगी झाली की कडब्याच्या पेंड्या बांधायच्या, वाहून आणायच्या आणि गंजी रचायची. गंजी रचायला चार जण वर, चार जण खाली लागत. आज आमची, उद्या तुमची, असं सावडीनं काम चाले. आपल्या जिल्ह्याच्या डोंगराळ भागात भातखाचरं तयार करायला पडकई असते, तीही याच जातीची. सोयरीक जमवायला आलेले पाहुणे घराआधी गंजीकडे बघायचे, असं जुन्या बाया सांगतात. गंजी मोठी म्हणजे उन्हाळा निघेल, एवढा साधा हिशोब.

धान्याचीही अशीच सोय होती. देशावर ज्वारी ठेवायला जमिनीत पेव खणत. तोंड लहान, पोट मोठं, आतून सारवलेलं. तोंड मातीनं बंद केलं की आत हवा जायची नाही आणि ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच होती. पेव उघडल्यावर त्यात लगेच उतरायचं नाही, आत कोंडलेल्या वायूनं माणूस मरतो, हेही लोकांना पक्कं ठाऊक होतं. हवाबंद खड्ड्यात वस्तू राखणं आपल्याला परकं नव्हतं, हे लक्षात ठेवा. पुढं त्याची गरज लागणार आहे.

मग ही घडी बिघडली कशी? एकदम नाही बिघडली. एकेक वीट निसटत गेली.

पहिला मोठा घाव १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचा. त्या दुष्काळानं पुणे, सोलापूर, नगर हा सगळा भाग भाजून काढला. माणसं मेली आणि जनावरं त्यांच्याही आधी मेली, कारण दाणा विकत आणता येतो, पण गाडीभर कडबा दुष्काळात कोण देणार? त्याच सुमाराला, १८७८ साली, इंग्रज सरकारनं जंगलाचा कायदा केला आणि गुरं चारायच्या कितीतरी जमिनी जंगलखात्याकडे गेल्या. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याबद्दल कडक लिहिलं आहे. गावची चराई जंगलखात्यानं घेतली आणि शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरायला जागा उरली नाही, हे त्यांनी सरकारला ठणकावून सांगितलं. फुल्यांना शेती ठाऊक होती. कुरण गेलं की बैल जातो आणि बैल गेला की शेत जातं, हे त्यांना दिसत होतं.

आता एक योगायोग ऐका. आपल्याकडे गुरं वैरणीवाचून मरत होती, त्याच १८७७ साली तिकडे फ्रान्समध्ये ऑग्युस्त गोफार नावाच्या एका शेतकऱ्यानं एक पुस्तक छापलं. तो हिरवा मका बारीक कापून खड्ड्यात दाबून ठेवायचा आणि हिवाळ्यात गुरांना घालायचा. अनेक वर्षं चुका करत करत त्याला दोन गोष्टी कळल्या होत्या: मका बारीक कापला पाहिजे आणि हवा बाहेर काढली पाहिजे. त्या पुस्तकानं मुरघासाची रीत युरोप-अमेरिकेत पसरली. पुढं फिनलंडच्या विर्तानेन नावाच्या शास्त्रज्ञानं वैरण आंबट झाली की ती का टिकते, याचा अभ्यास केला. हिरव्या वैरणीत आंबटपणा पुरेसा आला की कुजवणारे जंतू वाढत नाहीत, हे त्यानं दाखवून दिलं. १९४५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं ते मुख्यतः या कामासाठी. गाईच्या वैरणीवर नोबेल मिळतं, हे आम्हालाही आधी खरं वाटलं नव्हतं!

पण आपण आपल्या पट्ट्याकडे परत येऊ. पवनेच्या काठी पिंपळे सौदागर आहे. आज तिथं उंच उंच इमारती आहेत आणि कंप्युटरवाल्या कंपन्यांत जाणारी माणसं राहतात. शंभर वर्षांपूर्वी ते शेतकऱ्यांचं लहान गाव होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी या गावाची घर न् घर, शेत न् शेत पाहणी केली आणि १९१७ साली त्यावर पुस्तक छापलं. त्यांनी जुने कागद काढून दाखवलं की १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १९१५ च्या सुमाराला ती ७ एकरांवर आली होती. तीही एका जागी नव्हती, लहान लहान तुकड्यांत विखुरलेली. म्हणजे जमीन कमी होण्याची गोष्ट कारखान्यांपासून सुरू होत नाही. वाटण्या आधीपासून चालूच होत्या. चाळीस एकरांवर बैलांना कडबा पुरून उरतो. सात एकरांत आधी माणसांच्या भाकरीचा विचार, मग बैलाच्या पेंडीचा.

त्याच भागात, पिंपरीत, लष्कराचा डेअरी फार्म होता. इंग्रजांनी आपल्या सैनिकांना ताजं दूध मिळावं म्हणून १८८९ साली अलाहाबादला पहिला लष्करी गोठा काढला आणि मग छावण्यांच्या जवळ असे गोठे उभे राहिले. तिथं गुरांना वर्षभर काय घालायचं, याचं नियोजन व्हायचं. किती जमीन हिरव्या चाऱ्याला आणि किती गवत राखायला, हे आधी ठरायचं. २०१७ साली सरकारनं देशातले ३९ लष्करी गोठे बंद करायचं ठरवलं आणि २०२१ साली हा सगळा कारभार संपला. पिंपरीच्या त्या भागाला लोक अजून 'डेअरी फार्म'च म्हणतात. आम्हाला या गोठ्यांतून एवढंच शिकायचं आहे की दूध हवं असेल तर वैरणीचा हिशोब जूनमध्ये करावा लागतो, मार्चमध्ये नाही.

स्वातंत्र्यानंतर कारखाने आले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या जमिनी कारखान्यांना जाऊ लागल्या. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका झाली. १९९७ साली मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली अशी गावं महापालिकेत आली. मग पाळी चाकणची. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने इथं सुरू झाले. त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे शेकडो लहान-मोठे कारखाने आले. मुलांना नोकऱ्या मिळाल्या, कुणाला जमिनीचा पैसा मिळाला, कुणी खोल्या बांधल्या. आम्ही याला वाईट म्हणत नाही. पण जमिनीचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात आला नाही. तिच्या हातात गोठा राहिला. दोन गाई, एखादी म्हैस आणि घरामागचे दहा-वीस गुंठे.

याच काळात वैरणीतही बदल झाला, आणि तो फारसा कुणाच्या ध्यानात आला नाही. आपली जुनी मालदांडी ज्वारी उंच वाढते, तिचा कडबा गोड असतो. मोहोळच्या केंद्रातून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बीत पेरतात. १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, पण ताट ठेंगणं. पोतं भरलं आणि गंजी आखडली. भाकरी पूर्वीसारखी लागत नाही, असं घराघरात बाया म्हणत होत्याच, गोठ्यातही तीच तक्रार होती. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. कडबा सोन्याच्या भावानं गेला. लोकांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली आणि दावणीची जनावरं कवडीमोलानं विकली. त्या वर्षीच्या आठवणी आपल्या सासवांनी आपल्याला सांगितल्यात.

आणि गायही बदलली. १९४६ साली गांधीजींबरोबर उरुळी कांचनला आलेले मणिभाई देसाई तिथंच राहिले. १९६७ साली त्यांनी 'बाएफ' ही संस्था काढली. गावोगावी दारात येऊन संकरित गाईंचं रेतन करण्याचं मोठं काम या संस्थेनं केलं. जर्सी आणि होल्स्टीनच्या संकरित गाई आल्या, दूध वाढलं, डेअऱ्या वाढल्या. पण खिलार बैल कडब्यावर आणि बांधावरच्या गवतावर जगायचा. दहा-बारा लिटर दूध देणारी संकरित गाय नुसत्या कडब्यावर दूध देत नाही. तिला रोज पंधरा-वीस किलो हिरवं लागतं, शिवाय पाच-सहा किलो वाळलं आणि वर पेंड. म्हणजे जमीन आखडत गेली आणि गाईची भूक वाढत गेली. चाऱ्याची जमीन एकीकडून संपली आणि गाईची गरज दुसरीकडून वाढली. उन्हाळ्यातली आपली ओढाताण या दोन्हींच्या मध्ये आहे.

बाएफनं चाऱ्याच्या पिकांवरही काम केलं. हत्ती गवताच्या जातीचं बीएनएच-१० हे त्यांचं गवत अनेकींनी बांधावर लावलं असेल. सुबाभूळ आणि बिनकाट्यांचा निवडुंगही त्यांनी शेतकऱ्यांपर्यंत नेला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं आफ्रिकन टॉल मका, जायंट बाजरा, फुले जयवंत गवत असे चाऱ्याचे वाण दिले. म्हणजे बियाणं नव्हतं असं नाही. मग मुरघास आपल्याकडे रुजायला इतका वेळ का लागला?

याचं उत्तर आम्हाला आमच्याच फसलेल्या खड्ड्यात सापडलं.

काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका घरानं हौसेनं मुरघासाचा खड्डा केला. सात फूट लांब, पाच फूट रुंद, तीन फूट खोल. ज्वारी चांगली होती, कुट्टी बारीक केली होती, झाकणही नीट होतं. दीड महिन्यानं उघडला तेव्हा वास छान आंबूस-गोड. गाईनं आवडीनं खाल्लं. पण घरात गाय एकच. पंधरा दिवसांत वरचा थर गरम झाला, मग पांढरी बुरशी आली, मग काळं पडलं. निम्म्याहून जास्त उकिरड्यावर गेलं. घरातले म्हणाले, हे आपलं काम नाही. आम्हालाही काही दिवस तसंच वाटलं.

मग गटाच्या बैठकीत आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. तो तुम्हीही करून बघा. एका गाईला रोज पंधरा किलो मुरघास. मार्च ते जूनचा पहिला आठवडा, म्हणजे शंभर दिवस. पंधरा गुणिले शंभर, दीड हजार किलो. म्हणजे दीड टन. आमचा खड्डा तेवढ्याच मापाचा होता, कारण नीट दाबलं तर एका घनमीटरमध्ये पाचशे ते साडेपाचशे किलो बसतं आणि त्या खड्ड्यात सुमारे तीन घनमीटर जागा होती. माप बरोबर होतं. चूक उघडण्यात होती. मुरघासाची उघडी कड रोज निदान अर्धा फूट आत सरकली पाहिजे, नाहीतर हवा आत शिरते आणि सगळं तापतं. पाच फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्ड्यातून रोज अर्धा फूट काढायचं म्हणजे रोज सुमारे एकशेदहा किलो निघतं. एक गाय पंधरा किलो खाते. एकशेदहा किलो खायला सात गाई लागतात.

सात गाई! मैत्रिणींनो, तिथंच आमचं डोकं लख्ख झालं. खड्डा एका घराचा नव्हेच. तो सात गाईंचा आहे, म्हणजे तीन-चार घरांचा किंवा सात घरांचा. फ्रान्सच्या गोफारकडे आणि लष्कराच्या गोठ्यांत गुरं पुष्कळ होती, म्हणून तिथं खड्डा चालला. आपल्याकडे गुरं घरोघरी दोन-दोन विखुरलेली. आपल्याकडे खड्डा चालायचा तर आधी माणसं एकत्र यायला हवीत. गंजी रचायला जशी सावड होती, तशी. गायरान गेलं ते गेलं, पण सावड गेली ती आपण सोडली म्हणून. ती परत आणणं आपल्या हातात आहे.

शिवाय मुरघासाचं कामच असं आहे की एकटीनं होत नाही. कापणी, वाहतूक, कुट्टी, तुडवणं, झाकणं, हे सगळं एका दिवसात, फार तर दोन दिवसांत संपलं पाहिजे. रोज थोडं थोडं भरत बसलं तर आतला माल गरम होऊन बिघडतो. दहा जणी असल्या की दुपारपर्यंत कुट्टी आणि संध्याकाळपर्यंत झाकण.

आणि एखादीला एकटीनंच करायचं असेल तर? तिच्यासाठी पिशव्या. पन्नास किलोची जाड प्लॅस्टिकची पिशवी एका गाईला तीन दिवस पुरते, म्हणजे बिघडायच्या आत संपते. शंभर दिवसांना तीस पिशव्या लागतील. पिशवी नीट ठेवली तर पुढच्या वर्षीही वापरता येते. फक्त उंदीर आणि कावळे यांच्यापासून सांभाळा. एक भोक पडलं तरी आत हवा जाते आणि तेवढा भाग नासतो.

आता पिकाचं बोलू. मुरघास म्हटलं की सगळे मक्याकडे धावतात. मका चांगलाच आहे, पण त्याला पाणी लागतं. ज्यांच्या विहिरीला जानेवारीतच तळ दिसतो, त्यांनी मक्याच्या मागे लागू नये. आपल्या आज्यांची पिकं, ज्वारी आणि बाजरी, कमी पाण्यात तग धरतात. ज्वारीला ताण बसला की ती पानं गुंडाळून थांबते आणि पाऊस आला की पुन्हा वाढायला लागते. मका असा थांबत नाही, तो वाळतो. ज्वारीच्या धाटात साखर असते, त्यामुळे मुरघास छान आंबतो. अनेक कापण्या देणारी सीओएफएस-२९ सारखी ज्वारी किंवा राहुरीचा जायंट बाजरा, जे बियाणं तुमच्या कृषी सेवा केंद्रात मिळेल ते घ्या, पण चाऱ्याचं बियाणं असल्याची खात्री करून घ्या.

जमीन किती लागेल? कोरडवाहू ज्वारीची हिरवी वैरण गुंठ्याला दोनशे-अडीचशे किलो धरा, पाणी दिलं तर चारशेच्या पुढं. दीड टन मुरघास हवा तर मुरताना होणारी घट धरून पावणेदोन टन हिरवं लागेल. म्हणजे कोरडवाहू सात ते नऊ गुंठे, पाण्याखाली चार-पाच गुंठे. एका गाईचा उन्हाळा एवढ्या जमिनीत बसतो. ज्यांच्याकडे तेवढीही जमीन नाही, त्यांनी गटातर्फे शेजारच्या शेतकऱ्याचं उभं पीक ठरवून घ्यावं. सप्टेंबरात हिरवी वैरण स्वस्त असते, मार्चमध्ये तीच महाग होते. मुरघासाची खरी कमाई याच फरकात आहे.

ज्वारीबद्दल एक गोष्ट मात्र पदराला गाठ मारून ठेवा. कोवळी ज्वारी विषारी असते. गुडघाभर वाढलेली, पावसानं ताण दिलेली किंवा कापणीनंतर नुकती फुटलेली ज्वारी खाऊन जनावरं दगावतात. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर, दाणा चिकात असतानाच कापा. मृगात पेरली तर गौरी-गणपतीच्या सुमाराला ती फुलोऱ्यात येते. बाजरी कणीस बाहेर पडताना कापा. तिच्यात पाणी जास्त असतं, म्हणून कापून अर्धा दिवस सुकू द्या. पावसाची उघडीप बघूनच काम काढा.

कापलेली वैरण तयार आहे का, ते मुठीत ओळखा. कुट्टी मुठीत घट्ट दाबा. पाणी गळलं तर अजून सुकवा. मूठ उघडताच भुगा होऊन पडली तर फार वाळली. गोळा हळूहळू सुटला तर नेमकी वेळ आहे. कुट्टी अर्ध्या ते पाऊण इंचाची करा. लांब राहिली तर आत हवा अडकते. कुट्टी यंत्रावर बसताना पदर खोचा, बांगड्या काढा, केस बांधा, आणि हातानं पेंडी पुढं ढकलू नका. यंत्राचं बटण एकीनं हाताशी धरून बसावं. वैरणीपायी बोट गमावलेल्या बाया आपण पाहिल्यात.

खड्डा उंचवट्यावर घ्या, पावसाचं पाणी शिरणार नाही अशा जागी. आत जाड प्लॅस्टिक अंथरा. सहा इंचांचा थर टाका, तुडवा, पुन्हा थर, पुन्हा तुडवा. कडा आणि कोपरे जास्त तुडवा, कारण नासायला तिथूनच सुरुवात होते. वरून घुमटासारखा उंच करा, प्लॅस्टिक घट्ट ओढा आणि वर अर्धा-एक फूट माती टाका. सात गाईंसाठी आमच्या मापाचे पंचवीस-पंचवीस फूट लांबीचे दोन खड्डे पुरतात. एक संपल्यावर दुसरा उघडा. ज्वारी-बाजरीत साखर पुरेशी असते, तिथं गुळाची गरज नाही. चवळी, दशरथ घास, सुबाभूळ यांतलं काही मिसळलं तर प्रथिनं वाढतात, पण पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि तेव्हा थोडं गुळाचं पाणी शिंपडा. बिनकाट्यांचा निवडुंग मुरवू नका, तो फार पाणीदार असतो. तो ताजा कापून कडब्याच्या कुट्टीत मिसळून घाला. कारखान्यांच्या नाल्यालगतचं गवत कितीही हिरवंगार दिसलं तरी मुरघासात घालू नका. नाल्यातलं जे काही त्या गवतात उतरलं असेल, ते मुरवून जात नाही.

दीड महिना उघडू नका. उघडताना आधी एक कडा मोकळी करून हवा खेळू द्या, लगेच तोंड आत घालू नका. पेवाची ती जुनी शिकवण इथं लागू पडते. चांगला मुरघास पिवळसर हिरवा असतो, त्याला आंबट-गोड वास येतो. काळा, चिकट किंवा बुरशी आलेला भाग फेकून द्या, गाभण जनावराला तर मुळीच घालू नका. पहिल्या दिवशी दोन-तीन किलोंनी सुरुवात करून आठवड्याभरात पंधरावर आणा. सोबत वाळली वैरण द्याच. धार काढल्यानंतर घाला, म्हणजे वास दुधाला लागत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस कसा होईल, कोणती जमीन राहील, कोणती जाईल, हे आपल्याला सांगता येत नाही. आपल्या पट्ट्यात दीडशे वर्षांत कुरण गेलं, गंजी आखडली, शेतं तुकड्या-तुकड्यांत वाटली गेली. प्रत्येक वेळी बाईनं गोठा तेवढा धरून ठेवला, बहुतेक वेळा एकटीनं. आता एकटीनं धरू नका. मृगाच्या आधी, म्हणजे मे महिन्याच्या बैठकीत, गटात एवढंच विचारा: आपल्यात मिळून गाई किती? सात झाल्या तर एक खड्डा पक्का. मग बियाणं कुणी आणायचं, कुट्टी यंत्र कुणाचं, कोणत्या दिवशी कापायचं, हे वहीत लिहून ठेवा.

गौरी-गणपती झाले की आपली सावड. येताना विळा आणा.